गळ्यात वीणा असेपर्यंत

लिंबानीच्या पाण्याच्या बाटल्या ग्यानोबाच्या ओसरीवर रात्री ओळीनं ठेवल्या होत्या, सकाळी तशाच ओळीनं होत्या. झाकणं घट्ट. गावाचं नाव लिहिलेल्या चिठ्ठ्या जागेवर. फक्त प्रत्येक बाटलीच्या बुडाला खिळ्यानं एक भोक पाडलेलं होतं आणि पाण्याची बारीक रेघ अंगणापर्यंत गेली होती. कुत्रं भुंकलं नव्हतं. म्हणजे भोक पाडणारा रोजचा होता.

सत्यमनं वाकून बाटल्या पोत्यात भरल्या आणि पोरांची मस्ती असंल म्हणाला. पण म्हणताना त्यानं लिंबानीच्या तोंडाकडं बघितलं नाही.

लिंबानी मलावीचा. आफ्रिकेतल्या एका मोठ्या तळ्याकाठच्या त्या देशातून तो एका वर्षासाठी नांदेडच्या विद्यापीठात आला होता, बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड तपासायला. सत्यम त्याच्याच वर्गातला, गाव जळकोटच्या अलीकडं. त्यामुळं नमुने घ्यायला दोघं याच बाजूच्या गावांतून फिरत आणि मुक्काम सत्यमच्या आजोबाकडं, ग्यानोबाकडं असे. पहिले दोन महिने लिंबानीचे नांदेडात फार वाईट गेले होते. ऑटोवाले दुप्पट भाडं सांगत, पोरं केसांना हात लावून पळत, लोक विचारल्याशिवाय शेजारी उभे राहून फोटो काढत. आई दर रविवारी फोनवर एकच विचारी, देवळात गेला होतास का. तिच्या भाषेत देऊळ म्हणजे चर्च. तो जात होता. नांदेडच्या त्या छोट्या चर्चमध्ये त्याला मराठीतलं फार काही कळत नव्हतं, पण त्याचा खर्जाचा आवाज ऐकून लोकांनी त्याला गाणाऱ्यांत उभं केलं होतं.

मग नाताळात तिथल्या पाळकांनी कीर्तन केलं. पेटी, तबला, झांज, आणि मधोमध पाळक उभे. येशूच्या जन्माची गोष्ट सांगता सांगता एका जागी ते थांबत आणि तीच गोष्ट पुढं सुरात चढे, लोक मागून ओढून धरत, आणि पुन्हा अलगद बोलण्यावर उतरे. प्रवचन आणि गाणं ही दोन वेगळी कामं आहेत असं लिंबानी लहानपणापासून समजत आलेला. त्या दिवशी तो बाकावर बसून रडला. सत्यमला सांगितलं तर सत्यम हसला. म्हणाला, हे तर आमच्याकडचंच. चैत्रात सप्त्याला ये, मग कळंल.

म्हणून तो आला होता. आणि गाव त्याला आधी आवडलंही होतं. गावानं त्याचं लिंबाजी करून टाकलं होतं. ग्यानोबाची बायको साखराबाई, तिनं पहिल्या दिवशी विचारलं की काय खातोस. तेव्हा त्याचा ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता, मटण-अंडं बंद. हे सत्यमनं समजावून सांगितल्यावर म्हातारीनं समाधानानं मान हलवली. मग तुझा बी उपासच हाय की, म्हणाली, आणि त्याच्यापुढं भगर वाढली.

बिघडलं ते मोबाईलवरून. कुणीतरी लिंबानीचा एक व्हिडिओ काढला होता. विहिरीच्या काठावर वाकून तो बाटली भरतोय आणि तोंडानं काहीतरी गुणगुणतोय, एवढंच त्यात होतं. खाली लिहिलं होतं की हा माणूस विहिरीत मंतरलेलं पाणी सोडतो, ते प्यालं की घरंच्या घरं बाटतात. चार दिवसांत तो व्हिडिओ तालुका फिरून आला. फाट्यावरच्या हॉटेलात सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा येई, लिंबानीला कागदी कप येऊ लागला. शिवम नावाचा पोरगा, पंचविशीतला, सप्त्याच्या कामात पुढं पुढं करणारा, तो एकदा मोठ्यानं म्हणाला, "काय लिंबाजी, आज कोणत्या हिरीचं बारसं हाय?" सगळे हसले. लिंबानीही हसला. मग सगळे हसायचे एकदम थांबले आणि तो एकटाच हसत राहिला, ते त्याच्या लक्षात आलं.

सप्त्याचे प्रमुख हणमंतराव. त्यांनी सत्यमला बाजूला घेऊन सांगितलं की पाहुण्याला मंडपात आणू नको, बाहेर लिंबाखाली बसून ऐकू दे. आवाज अगदी मऊ होता. सत्यम घरी येऊन म्हणाला की मी त्याला आजच्या आज नांदेडला सोडून येतो. ग्यानोबानं ऐकलं नाही. काल्याचं कीर्तन न ऐकता सप्त्यातून माणूस पाठवायचा नसतो, असं तो म्हणाला, आणि तेवढ्यावर विषय मिटला.

मिटला नव्हता. बाटल्यांना भोकं पडली ती त्यानंतर.

आमच्याकडच्या सप्त्यात एक गोष्ट सगळ्यांच्या वरची. वीणा. पहिल्या दिवशी ती एकाच्या गळ्यात पडली की सातव्या दिवसापर्यंत जमिनीला टेकत नाही. तार थांबत नाही, धरणारा बसत नाही. दोन-दोन तासांचा पहारा वाटून दिलेला असतो. ज्याची वेळ येते तो अंघोळ करून येतो, वीणा धरणाऱ्याच्या पायावर डोकं ठेवतो आणि त्याच्या गळ्यातली आपल्या गळ्यात घेतो. मग धरणारा कोण, कुणाचा, काही बघायचं नसतं. गावातला सगळ्यात श्रीमंत माणूस त्या वेळी सगळ्यात गरिबाच्या पाया पडतो. वीणा गळ्यात असेपर्यंत तो माणूस राहत नाही, विणेकरी होतो. आणि ती टेकली की सप्ता मोडला.

गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी लिंबानीचा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. काल्याआधीच, संध्याकाळच्या गाडीनं त्याला नांदेडला जायचं होतं, सकाळच्या उपासनेत खर्जाला तो एकटाच होता, आणि देवाच्या कामाला अडवू नये म्हणून ग्यानोबानंही हो म्हटलं होतं. सत्यम काल्याच्या दह्याचं बघायला जळकोटला गेला होता. दुपारची पंगत त्या दिवशी हणमंतरावांच्या मळ्यात, त्यामुळं गाव सगळं तिकडं. वीज गेलेली, भोंगा मुका. ऊन असं की लिंबाची सावलीसुद्धा गरम लागत होती. पंगतीला येऊ नको असं कुणी लिंबानीला म्हणालं नव्हतं, ये असंही कुणी म्हणालं नव्हतं. तो बाहेर बसून होता.

मंडपात ग्यानोबा एकटा. दहाचा पहारा त्याचा, बाराचा शिवमचा. बारा वाजून गेले, एक वाजत आला, शिवम आला नाही. म्हातारा तार छेडत उभाच. लिंबानीनं पाहिलं की त्याचा सदरा पाठीला चिकटला आहे आणि नाम मधूनच तुटतंय. मग नाम थांबलं. नुसती तार राहिली. ग्यानोबानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं आणि हनुवटीनं बोलावलं.

मंडपात जायचं नाही हे लिंबानीला माहीत होतं. तो चप्पल काढून गेला.

ग्यानोबाचे ओठ निळे पडले होते. त्यानं वीणेचा पट्टा डोक्यावरून काढला. लिंबानीनं इतक्या दिवसांत बाहेरून बघून बघून काय करतात ते शिकून घेतलं होतं. तो गुडघ्यावर बसला. त्याच्या देशात म्हाताऱ्या माणसापुढं गुडघे टेकतातच, त्याला त्यात काही अवघड वाटलं नाही. त्यानं कपाळ पायाला लावलं तर पाऊल बर्फासारखं लागलं. एवढ्या उन्हात.

"खाली टेकवू नको," ग्यानोबा म्हणाला. "काय बी झालं तरी."

वीणा लिंबानीच्या गळ्यात आली. ग्यानोबा खांबाला टेकून बसला, थोडा वेळ बसल्यासारखा दिसला, आणि मग कडेला कलंडला.

लिंबानीनं आबा म्हणून हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मंडपाच्या कापडावर एक कावळा होता तो उडाला, एवढंच. फोन ग्यानोबाच्या घरी बॅगेत. म्हाताऱ्याचा श्वास चालू होता, पण घरघर लागलेली. त्याला उचलायला दोन हात पाहिजेत, आणि छातीवर तर हे एवढं मोठं भोपळ्याचं लाकूड. लिंबानीनं चारी बाजूला पाहिलं. ठेवायला जागा होती. चटई होती, पोथीचा पाट होता. पण टेकवू नको म्हणाला होता, आणि तो म्हणाला तेव्हा त्याच्या डोळ्यांत लिंबानीला दुसरं काहीच दिसलं नव्हतं.

त्यानं वीणा दोन्ही हातांनी छातीशी धरली, तान्हं मूल धरावं तशी, आणि तो अनवाणी फाट्याकडं पळाला.

वीणा वेशीच्या बाहेर गेलेली त्या गावानं कधी पाहिली नव्हती.

फाट्यावर हॉटेलच्या पत्र्याखाली पंगत जेवून आलेली पाच-सहा पोरं सुपारी कातरत बसली होती. शिवम त्यांत होता. जातो की, म्हातारा हाय की उभा, असं तो थोड्याच वेळापूर्वी शेजारी बसलेल्या मल्लेशला म्हणाला होता. त्यांनी मान वर केली तर रस्त्यानं तो काळा परका माणूस सप्त्याची वीणा घेऊन पळत येतोय. खुर्च्या मागं सरकल्याचा आवाज झाला. मल्लेशनं आधी मोबाईल काढला.

लिंबानीला मराठी होती तेवढी सगळी त्या क्षणी पळाली. आबा, आबा, खाली, एवढंच त्याला बोलता आलं. पोरांनी गोल धरला. कुणी त्याच्या अंगाला हात लावला नाही. जो पुढं येई तो वीणेपासून हातभर अंतरावर थांबे. शिवमचं तोंड पांढरं पडलं होतं.

"आबाला काय केलंस तू?" तो म्हणाला.

तिथं मकसूदची जीप उभी होती, जळकोटच्या प्रवाशांची वाट बघत. मकसूद पन्नाशीचा, चार पिढ्या याच गावात. भांडणात पडायचा त्याचा स्वभाव नव्हता. पण म्हातारा मंडपात पडलाय हे त्याला सगळ्यांच्या आधी समजलं. त्यानं दोन पोरांना नावानं हाक मारून जीपमध्ये घातलं, गाडी मंडपाला लावली, ग्यानोबाला उचलून सीटवर आडवं केलं. साखराबाईला घरून बोलावून घेतलं. ती पदर सावरत बसली, तिनं लिंबानीकडं बघितलंसुद्धा नाही. तोवर पोरं त्याला घेरून घेरून मंडपात परत आणत होती, ढोराला आणावं तसं, हात न लावता.

जीप निघता निघता मकसूद खिडकीतून वाकला आणि त्याच्याशी हळू बोलला.

"गळ्यातून काढू नको, बेटा. जवर गळ्यात हाय, तवर कोणी हात लावत न्हाई."

मग धुळीत जीप गेली आणि लिंबानी मंडपात उभा राहिला.

मळ्यातून गाव परत येऊ लागलं. दहा माणसं, मग तीस, मग मोजायला नको एवढी. आधी बायका मंडपाच्या डाव्या बाजूला बसत, आज कुणी बसलं नाही. काही म्हणाले वीणा बाटली, सप्ता मोडला. काही म्हणाले टेकली तर नाही, मोडला कसा. एक म्हातारा म्हणाला की वेस ओलांडली ना. दुसरा म्हणाला, तार चालू होती का त्या वेळी, ते विचारा. कीर्तनकार महाराजांना फोन गेला. ते म्हणाले, तुमचं ठरू द्या, मी जळकोटला थांबतो.

ठरत नव्हतं, कारण ठरवायचं एकच होतं. वीणा याच्याकडून घ्यायची तर याच्या पायावर डोकं ठेवावं लागतं. ते कोण ठेवणार? हिसकावून घ्यायची तर झटापटीत टेकणार. म्हणून सगळे वाट बघत होते. मागं बाभळीखाली मोटारसायकली वाढत चालल्या होत्या. शेजारच्या गावांची पोरं, तोंडाला रुमाल. त्यांतलं एक पोरगं उसाचं टिपरू पायावर हळूहळू आपटत होतं.

हणमंतरावांनी शिवमला सांगितलं, तुझा पहारा, तू घे. शिवम म्हणाला, मी ह्याच्या पाया पडू?  हणमंतरावांना स्वतःलाही ते जमणारं नव्हतं.

लिंबानी तार छेडत होता. खांदा जळत होता, पायाचे तळवे फुटले होते. नाम घ्यायचं की नाही, हा त्याचा स्वतःचा एक वेगळाच प्रश्न होता. त्यांचं नाम घेतलं तर आईला काय तोंड दाखवू, आपलं घेतलं तर हे लोक काय म्हणतील. एकदा ओठ हलले तर गर्दीतून लगेच कुणीतरी ओरडलं, "तो काय म्हणून राहिला बघा." हणमंतरावांनी पुढं होऊन त्याच्या तोंडाजवळ कान नेला. लिंबानीनं ओठ मिटले आणि नुसता खर्ज धरला, नाकातून, तारेच्या खाली. शब्द नाही. हणमंतराव बराच वेळ कान लावून उभे राहिले. मग मागं सरले आणि कुणाला काही सांगितलं नाही.

उद्या सकाळी नांदेडच्या चर्चमध्ये लोक उभे असतील हे त्याच्या मनात आलं. ही वीणा गळ्यातून जाईल तेव्हा काय होईल हेही मनात येत होतं. दुसऱ्या विचारानं पहिला पुसला जाई.

उन्हं कलली तेव्हा हणमंतरावांचा फोन वाजला. पलीकडं सत्यम होता. हणमंतरावांनी ऐकलं, टोपी काढली. ग्यानोबा जळकोटला पोचायच्या आधीच गेला होता.

गर्दीतून एक आवाज उठला, रडण्याचाही नव्हता आणि रागाचाही नव्हता. बाभळीखालची पोरं जवळ आली. मल्लेशनं मोबाईल उंच धरला. आता त्या गोलात पुढचे मागच्यांच्या रेट्यानं वीणेच्या अगदी जवळ येऊन उभे राहिले, आणि लिंबानीला त्यांच्या तोंडातल्या सुपारीचा वास आला. त्यानं वीणा घट्ट धरली. तार मात्र सोडली नाही.

तेवढ्यात जीप आली. मयत आत होतं म्हणून मकसूदनं ती वेशीबाहेरच थांबवली. साखराबाई उतरली. सुतकातल्या बाईनं सप्त्याच्या मंडपाकडं यायचं नसतं, हे तिला गावानं शिकवायची गरज नव्हती. अख्खं आयुष्य तिनं ते पाळलं होतं. ती सरळ चालत आली आणि मंडपाच्या दोरीपाशी थांबली. दोरीच्या आत पाऊल टाकलं नाही.

"खाली ठेवली न्हाईस?" तिनं लिंबानीला विचारलं.

त्यानं मान हलवली. आबा म्हणाले होते, एवढंच म्हणाला.

"ठेवायची की रे, लेकरा," म्हातारी म्हणाली. "लाकूडच हाय ते."

 ज्या बाईचा नवरा चाळीस वर्षं त्या लाकडासाठी पहाटे थंड पाण्यानं अंघोळ करत आला, तिनं हे म्हटलं होतं. कुणाची मान वर होईना. लिंबानीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. डॉक्टरनं काय सांगितलं ते तिनं बोलून दाखवलं नाही, पण थोडं आधी आणलं असतं तर, हे गर्दीतल्या प्रत्येकाला न सांगता कळलं.

मग तिनं गर्दीकडं तोंड केलं.

"बाराचा पहारा कोणाचा व्हता?"

 नाव घ्यावं लागलं नाही. माणसं बाजूला होत गेली आणि शिवम जिथं उभा होता तिथं एकटाच उरला.  मग तो दोरीखालून आत आला. अंघोळ नाही, काही नाही. लिंबानीच्या फुटलेल्या पावलांवर त्यानं डोकं ठेवलं, आणि ठेवलं ते लवकर उचललं नाही. त्याची पाठ हलत होती. उठल्यावर त्यानं वीणा गळ्यात घेतली. तार एक क्षण चुकली, मग लागली. 

आणि लिंबानी मोकळा झाला.

छाती एकदम हलकी झाली, वारा लागला. गोल तसाच होता. शिवमची हिंमत गेली होती, बाकीच्यांची गेली नव्हती. मंडपाबाहेरची पोरं तर या गावचीच नव्हती, त्यांना ना शिवम माहीत ना ग्यानोबा. टिपरूवालं पोरगं दोरीपाशी आलं. हणमंतराव "ए, थांबा" म्हणाले, ते त्यांनाच नीट ऐकू गेलं नसावं. वेशीबाहेर सत्यम जीपमध्ये आजोबाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला, त्याला उठता येत नव्हतं.

साखराबाईनं दोरीवरून हात लांब केला आणि लिंबानीचं मनगट धरलं.

"चल घरी," ती म्हणाली आणि त्याला ओढत चालू लागली.

समोर माणसं होती. तिनं वाट मागितली नाही, ती तशीच पुढं गेली. आणि पहिली रांग मागं हटली. तिच्या पदराचा वारासुद्धा लागू नये अशी हटली. ताजं सुतक. जो शिवेल त्याला मंडपात पाऊल टाकता यायचं नाही, पहारा गेला, उद्याचा काला गेला. गावातल्या लोकांना हटलेलं बघून बाहेरगावची पोरंही हटली, त्यांच्याही घरी हेच शिकवलेलं होतं. टिपरूवाल्यानं टिपरू अंगाजवळ ओढून घेतलं. मधून एक वाट फुटत गेली, मायेनं नाही, भीतीनं, आणि त्या वाटेनं म्हातारी त्याला घेऊन गेली.

गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकली येऊन थांबल्या. आत कुणी वळलं नाही. कुणी इंजिन बंदही केलं नाही.

घरी पोचल्यावर तिनं मनगट सोडलं. ओसरीवर फुटक्या बाटल्यांचं पोतं होतं. मयत आणायच्या आधी जागा करायची म्हणून तिनं ते पायानं कोपऱ्यात सारलं. लिंबानी म्हणाला की मी नांदेडला जातो, मी इथं राहिलो तर तुम्हाला त्रास होईल. तिनं ऐकून घेतलं.

"तुला आता माझं सुतक लागलंय," ती म्हणाली. "तेराव्यापातूर तुला कोणी शिवणार न्हाई. घरात ऱ्हा."

बाहेर इंजिनं चालूच होती. तेराव्यानंतरचं तिनं काही सांगितलं नाही.  मकसूदची जीप दारापाशी येऊन थांबली, तसा तो सत्यमबरोबर ग्यानोबाला आत घ्यायला दारात जाऊन उभा राहिला.